पोटाचं कोनाला सांगू?

माझं नाव दामोदर, गावात सगळे दामूशेठ बोलतात, आता शेठ कसला, मशीनवर काम करनारा मानूस मी, पन आमच्याकडं कोनालापन शेठ बोलतात, तुमी मनावर घेऊ नका. जन्म इथलाच, ह्या पावने गावचा. तुमी आता रिक्षानं आलात ना, त्या रस्त्याला डाव्या हाताला कंपन्यांची लाईन लागते, तिकडं आमची भाताची खाचरं होती, आनि त्याच्या पल्याड खाडी. बाप भात लावायचा आनि उरलेले महिने मिठागरावर जायचा. कंपन्यांसाठी जमीन गेली तवा मी लहान होतो, मला आठवतं ते थोडंच, पन खाडीचा बांध आठवतो, कारन सकाळी आमी पोरं, मानसं, सगळे टमरेल घेऊन तिकडंच जायचो. हसू नका, तुमी माझं सगळं लिहिनार बोललात म्हनून सांगतो. तिथं बांधाला सगळ्या गावाच्या गप्पा, कोनाचं लगीन जमलं, कोनाच्या जाळ्यात काय आलं, कोनाचं पोट बिघडलंय, सगळं उघड. मग घराघरात संडास झाले, दरवाजा आला, आतून कडी आली, आनि ही गोष्ट त्या कडीच्या आतच राहिली. चांगलंच झालं ते, बायामानसांची सोय झाली, पन मानूस त्या विषयावर बोलायचा बंद झाला, ते पन खरं.

मी शिकलो नववीपर्यंत, मग इथंच एका वर्कशॉपमध्ये लागलो, आधी झाडू मारला, मग लोखंड कातायची लेथ मशीन शिकलो, टर्नर झालो. अडतीस वर्सं एकाच मशीनसमोर उभा राहिलो. शाफ्ट, बुश, पुली, काय सांगाल ते. लगीन झालं करावे गावच्या हिराशी. ती आता आत हाय, चहा ठेवतेय, तिला ऐकू जातंय सगळं, म्हनून सांगतो, बायको एक नंबर भेटली. मुलगा निलेश, तो कार्गोमध्ये कामाला, कधी सकाळची ड्युटी कधी दुपारची. आनि सून स्नेहल. ती आमची आगरी नाय, कराडकडची, निलेशनं स्वतःच जमवलं, आता एक नातू पन हाय. बेलापूरला एका वकिलाकडं टायपिंगचं काम करते. पहिली काही वर्सं मी आनि ती एकमेकांशी चहा आनि हो याच्यापुढं गेलो नाय. ती बोलायची बाबा चहा, मी बोलायचो हो. भांडन काय नव्हतं हां, पन मी असा कमी बोलनारा, मशीनच्या आवाजात जन्म गेला, बोलायची सवयच नाय, आनि सुनेशी काय बोलनार सांगा.

तर दोन वर्सांपूर्वीची गोष्ट. मशीनचा एक पार्ट उचलायला वाकलो, रोजचाच होता, काय जड पन नव्हता, आनि कमरेत असं काय कडकन झालं की मी तिथंच बसलो, परत उठलोच नाय. आधी वाटलं चमक भरली. मालिश केली, पट्टा बांधला, महिना गेला. मग मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढले, रक्त काढलं, आनि डॉक्टरनं निलेशला आत बोलावलं, मला बाहेर बसवलं, तवाच मी समजलो. हाडाच्या आत जो मगज असतो ना, त्याचा कॅन्सर. मनका आतून भुसभुशीत झाला होता, तो चेपला. डॉक्टर चांगली बाई होती, बोलली काका, हा पूर्न जात नाय, पन औषधानं दाबून ठेवता येतो, मानसं बरीच वर्सं काढतात. औषधं चालू झाली, पन ते दुखनं. काय सांगू तुमाला. खोकलो तर दुखायचं, हसलो तर दुखायचं, कुशीवर वळायचं म्हनजे हिरा एका बाजूनं आनि निलेश एका बाजूनं. अडतीस वर्सं उभा राहिलेला मानूस मी, उभाच राहू शकेना.

मग दुखन्याच्या डॉक्टरकडं पाठवलं, असा वेगळा डॉक्टर असतो ते मला तवा कळलं. त्यानं मॉर्फिनची गोळी दिली. हिरा घाबरली, बोलली अफूची गोळी देतात तुमाना, गर्दुल्ला करतील, मना नाय पाहिजे असली गोळी. डॉक्टरनं तिला बसवून समजावलं, की आई, दुखन्यासाठी बरोबर मापात घेतली की नशा नाय लागत, मी रोज देतो लोकांना. आनि काय सांगू, दुसऱ्या दिवशी मी कुशीवर वळलो. एकटा. हिरा बघतच राहिली. चौथ्या दिवशी मी खुर्चीत बसून खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवन आनि भाकरी खाल्ली, आनि हिरा पदरानं डोळे पुसत बोलली, एकविरा आई पावली.

त्याच चिठ्ठीवर डॉक्टरनं अजून एक औषध लिहिलं होतं, पातळ, गोड, बाटलीतलं. बोलला होता की या गोळीनं संडासला कडक होतं, म्हनून गोळीबरोबर हे रोज घ्यायचंच. तो बोलला होता, मी नाय म्हनत नाय. पन त्या दिवशी आमच्या कानात एकच गोष्ट शिरली, दुखायचं थांबनार. हिराला वाटलं ते टॉनिक हाय, ताकदीचं. फ्रिजच्या दारात ठेवली बाटली, तिथंच राहिली.

आता इथून पुढं जरा घानच हाय, पन तीच खरी गोष्ट हाय. पहिले तीन दिवस काय वाटलं नाय. जेवन कमी, म्हनून झाली नसेल, असं मी माझ्या मनाशी. पाचव्या दिवशी पोट जड. निलेशनं माझ्यासाठी कमोड बसवून घेतला होता, कारन मला खाली बसता येत नव्हतं. मी तिकडं जाऊन बसायचो, अर्धा अर्धा तास, नुसता घाम. जोर करावा तर कमरेत कळ. बाहेरून हिरा विचारायची झालं का, मी बोलायचो हां झालं. खोटं. का खोटं बोललो मी, ते मला आज पन नीट सांगता येनार नाय. कॅन्सर झाला हे सगळ्या गावाला सांगितलं, पाव्हन्यांना फोनवर सांगितलं, पन संडासला होत नाय हे बायकोला सांगायची लाज. वाटायचं, ही बाई माझं सगळं करते, अंघोळ घालते, अजून हे पन हिच्या डोक्यावर टाकू?

मग मी माझ्या मनानं उपाय चालू केले. गरम पानी प्यायलो. पपई आनायला लावली. कोनीतरी मागं सांगितलेलं आठवलं की इसबगोल चांगलं, म्हनून मूठभर घेतलं, आनि वर दोन घोट पानी. पानी जास्त का नाय प्यायलो, तर लघवीला उठायला लागतं म्हनून. ते आत जाऊन सिमेंट झालं सिमेंट. मग जेवन सोडलं. मळमळायला लागलं, तोंडाला चव नाय. आनि मी टर्नर मानूस, डोकं चालवलं, की हे बिघडलं कधीपासून, तर गोळी चालू झाली तवापासून. मग गोळी बंद केली की झालं. ती जिभेखाली धरायची, हिरा वळली की काढायची आनि उशाशी, दाराच्या मागं माझा कंपनीचा जुना शर्ट टांगलेला होता त्याच्या खिशात टाकायची.

दुखनं परत आलं. असं आलं की पहिल्यापेक्षा दुप्पट. मी उशी चावायचो. आनि घरातल्यांना काय वाटनार सांगा, गोळी तर चालू हाय, तरी दुखतंय, म्हनजे आजार वाढला. निलेशनं हॉस्पिटलात फोन केला, ते बोलले घेऊन या पुढच्या आठवड्यात, चालू असलेलं औषध लागू पडत नसेल तर बदलावं लागेल, बघू. निलेश माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला. हा पोरगा कधी हळू बोलला नाय आयुष्यात, कार्गोवाला. तो हळू बोलायला लागला तसा मी समजलो, की ह्यानं माझी आशा सोडली. आनि मला खरं माहीत, की मीच गोळी खात नाय. पन बोलायचं कसं? बोललो तर ते पन बोलायला लागेल.

तेवढ्यात एक नवीनच झालं. दहावा का अकरावा दिवस असेल, मला पातळ व्हायला लागलं. पानी नुसतं. कळायचं पन नाय, चादर खराब. मला आधी बरं वाटलं, बोललो सुटलं एकदाचं. पन पोट तसंच, ढोलासारखं. हिरानं खाली मेडिकलवरून जुलाब थांबायची गोळी आनली, दिली. संध्याकाळी उलटी झाली. हिरा चादरी बदलते, आनि मी भिंतीकडं तोंड करून पडलोय. त्या दिवशी मला मरायची इच्छा झाली होती, हे मी हिराला पन सांगितलेलं नाय, आता ऐकलं असेल तिनं आतून. ऐकलंस काय गं? नाय, भांडी वाजतायत, ऐकलं नाय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्नेहल घरी. तिनं चादरी, कपडे सगळं मशीनला लावायला घेतलं, आनि दारामागचा तो शर्ट पन काढला, की याला पन वास बसलाय. खिसा तपासला. ती पोरगी धुवायच्या आधी सगळ्यांचे खिसे तपासते, निलेश तिकिटं विसरतो म्हनून. मी बिछान्यातून बघतोय. तिनं हात बाहेर काढला, मुठीत गोळ्या, अर्ध्या विरघळून एकमेकांना चिकटलेल्या. मला वाटलं आता ही ओरडनार, निलेशला बोलावनार, घर डोक्यावर घेनार. तिनं दरवाजा हळू लोटला, आनि माझ्या बिछान्याच्या बाजूला खाली लादीवर येऊन बसली.

बोलली, बाबा, ह्या गोळ्या का नाही घेतल्या? मी बोललो, नशा होते. ती बोलली, खरं सांगा. मी बोललो, आता बास झालं जगनं. ती बोलली, हे पण खरं नाही. मी चादर तोंडावर ओढून घेतली. खिडकीत कपडे वाळत होते, पंखा फिरत होता. आनि मग ती पोरगी माझ्याकडं न बघता, त्या पंख्याकडं बघत बोलायला लागली. बोलली, बाबा, बाळाच्या वेळी माझं सिझर झालं ना, तेव्हा पाच दिवस मला संडासला झाली नव्हती. टाके फाटतील म्हणून भीती वाटायची. मी बाथरूममध्ये नळ चालू करून रडायचे. आईला फोनवर सांगितलं नाही, निलेशला सांगितलं नाही, लाज वाटायची. तुमच्या घरात नवीन होते मी. शेवटी सासूबाईंनी ओळखलं, माझ्या चालण्यावरून. त्यांनी मला डॉक्टरकडं नेलं, आणि घरात कुणालाही कळू दिलं नाही. तुम्हाला पण नाही कळलं ना?

मला खरंच नव्हतं कळलं. माझ्या घरात, भिंतीपलीकडं, ही पोर नळ चालू करून रडत होती, आनि मी बाहेर टीव्ही बघत होतो. आनि आज ती आपल्या सासऱ्यासमोर, जो तिच्याशी धड दोन वाक्यं बोलला नाय, त्याच्यासमोर हे काढून ठेवते, कशासाठी, तर मला माझं सांगता यावं. माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. किती दिवस झाले, इसबगोल, जिभेखालची गोळी, सगळं. ती मधेच बोलली, पण मग हे पातळ कसं होतंय? मी बोललो, तेच मला समजत नाय.

तिनं लगेच दुखन्याच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नंबर होता तो लावला. त्यांच्याकडं घरी येनारी नर्स असते, वंदना सिस्टर, मूळच्या देवगडकडच्या. रविवार असून दुपारी आल्या, स्कूटीवर, पाठीला बॅग. आल्या त्या माझ्या कमरेकडं नाय बघितलं, पोटावर हात ठेवला. दाबलं, ऐकलं नळी लावून. मग बोलल्या, काका, मी हातमोजा घालून तपासणार आहे, लाजायचं नाही, माझं रोजचं काम आहे. तपासलं आनि बोलल्या, हे जुलाब नव्हेत हो. आत घट्ट गोळा होऊन अडकलाय, आणि त्याच्या कडेनं पाणी पाझरतंय. तुम्ही जुलाब थांबवायची गोळी दिलीत, ते वरून अजून दार बंद केलंत. हे मला मात्र एका सेकंदात समजलं. तुंबलेल्या पाईपाच्या बाजूनं कूलंट, म्हनजे मशीन थंड ठेवायचं पानी, गळतं आनि नवीन पोरगा सांगतो लाईन चालू हाय, असं किती वेळा बघितलंय मी.

हिरा कपाळाला हात लावून बसली, बोलली माझ्या हातानं दिली मी गोळी. सिस्टर बोलल्या, आई, डोळ्यांना दिसलं तेच केलंत तुम्ही, हे भल्याभल्यांना फसवतं.

सिस्टरनं फोनवर डॉक्टरशी बोलून घेतलं. मग पुढचा तास दीड तास काय काय झालं ते मी सगळं नाय सांगत. तेल होतं, एनिमा होता, सिस्टरचा हात होता, आनि माझा हात हिराच्या हातात. मी रडलो हो. साठी ओलांडलेला मानूस, लहान पोरासारखा रडलो, दुखन्यानं पन आनि लाजेनं पन. सिस्टर एकीकडं काम करतायत आनि एकीकडं मला विचारतायत, काका, लेथवर स्क्रूचे आटे कसे पाडतात? मला बोलतं ठेवलं त्या बाईनं. मी कन्हत कन्हत सांगतोय, आधी व्यास बघायचा.

आनि मग झालं. हिरा बाहेर गेली आनि काय ओरडली असेल, झालं, झालं! वरच्या खोलीतले भाडेकरू खाली आले धावत, त्यांना वाटलं दामूशेठ गेले. तिनं सांगितलं नाय रे बाबांनो, ह्यांना बरं वाटलं. निलेश खिडकीत उभा राहून तोंड फिरवून डोळे पुसत होता आनि हसत होता. माझं पोट असं हलकं, असं हलकं, की मी बोललो मला भूक लागलीय. स्नेहलनं मऊ भात केला, तूप घातलं, आनि पहिल्यांदा ती माझ्या बिछान्यावर, पायाशी बसली.

सिस्टरनं जाताना फ्रिजच्या दारातली बाटली स्वतः काढली, भरलेली. टेबलावर आपटून ठेवली. बोलल्या, ही टॉनिक नाही. ही गोळीची जोडीदार. गोळी चालू तोपर्यंत ही चालू, पोट साफ झालं तरी चालू, आजच्या दिवस राहू दे असं नाही. इसबगोल या गोळीबरोबर नको. पाणी जमेल तेवढं. सकाळी चहानंतर वीस मिनिटांनी जाऊन बसायचं, होवो न होवो, पायाखाली पाट ठेवायचा. दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी मला फोन, लपवायचं नाही. आनि मॉर्फिन मधेच बंद झालेली, ती परत कशी चालू करायची ते डॉक्टरनं नवीन लिहून दिलं, कमीपासून. दोन दिवसांत दुखनं परत उतरलं. हॉस्पिटलात गेलो तवा रक्ताचा रिपोर्ट आला, आजाराचं औषध लागू पडत होतं, छान पडत होतं. डॉक्टर बाई बोलली, मग एवढं दुखत का होतं? मी स्नेहलकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आनि मी स्वतः सांगितलं. तोंडानं. सगळ्यांसमोर. त्या बाईनं कौतुक केलं हो, बोलली काका, असं सांगनारा पेशंट भेटत नाय. नायतर आमी चांगलं चाललेलं औषध बदललं असतं.

त्याला आता दीड वर्स झालं. मनक्याला रेडिएशनचा शेक दिला, औषधं चालू हायत, मॉर्फिन हळूहळू कमी केली, आता बंद हाय. पट्टा बांधून मी चालतो. मग वंदना सिस्टर एक दिवस बोलल्या, काका, गुरुवारी माझ्यासोबत पेशंटच्या घरी याल का? बाया मला सांगतात, पुरुष सांगत नाहीत. मी हो बोललो. आता दर गुरुवारी जातो, मी रिक्षानं, त्या स्कूटीवर. नेरूळला एका सोसायटीत एक साहेब होते, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, त्यांना पन तीच गोळी. सिस्टरनं विचारलं पोट साफ होतं का, ते बोलले परफेक्ट. मी बघितलं, मानसाचा चेहरा कळतो हो, मी स्वतः त्याच्यातून गेलेला मानूस. मी सिस्टरला आनि त्यांच्या मुलीला बोललो, जरा बाहेर थांबा. मग त्यांच्याजवळ सरकलो आनि बोललो, साहेब, मला अकरा दिवस झाली नव्हती. तुमाला किती? साहेबांनी आधी दरवाजाकडं बघितलं. मग दोन्ही हातांची बोटं वर केली, एक परत खाली घेतलं. नऊ. बोलले, मुलीला नका सांगू. मी बोललो, नाय सांगत, सिस्टरला सांगतो, ती डॉक्टरसारखीच हाय. ते साहेब आता नायत, आजार मोठा होता त्यांचा, पन शेवटचे तीन महिने पोटाचा त्रास नाय झाला त्यांना. मुलीनं स्वतः फोन करून सांगितलं, बोलली बाबा शांत होते. बास, अजून काय पाहिजे मला.

सोसायट्यांमधल्या काही मानसांनी मला पोटवाले काका नाव ठेवलंय. हिराला आवडत नाय, बोलते हे काय नाव झालं. मला चालतं. अडतीस वर्सं शाफ्ट बनवले, ते कुठल्या मशीनमध्ये गेले मला माहीत नाय, हे काम तरी मला समोर दिसतं.

माझा आजार परत डोकं काढनार, डॉक्टर बाईनं तसं सांगून ठेवलंय, लपवलं नाय तिनं. येईल तवा येईल. परत गोळी लागली तर घेईन, बाटली पन घेईन. स्नेहलशी आता मी एवढं बोलतो की निलेश बोलतो, पप्पा, जरा मला पन बोलू द्या. कालच बसून तिला सांगत होतो मिठागरावर बाप मीठ गोळा करायला कसा फळी ओढायचा. ती बोलली, बाबा, हे आधी का नाही सांगितलंत? मी बोललो, तू आधी कुठं विचारलंस.

चहा आला बघा. घ्या. तुमचे वडील हायत ना? मघाशी बोललात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुखन्याच्या गोळ्या चालू हायत. मग लिहायचं नंतर लिहा, आज घरी जाऊन त्यांच्या बाजूला बसा, दरवाजा लोटून घ्या, आनि विचारा. लगेच नाय सांगनार, बापमानूस हाय. आधी तुमचं काहीतरी सांगा. देव तुमचं भलं करो, घरातल्या सगळ्यांचं पोट सुखात राहो.